नाडीशोधन: नव्याने बसणाऱ्यांसाठी

नाडीशोधन म्हणजे आलटून-पालटून एकेका नाकपुडीने श्वास घेण्या-सोडण्याचा प्राणायाम. यातला प्राण म्हणजे जीवनशक्ती, नुसती हवा नव्हे. हवा हे त्याचं वाहन. हठयोगात ७२,००० नाड्या, म्हणजे प्राण वाहण्याच्या वाटा, सांगितल्यात, पण त्या शरीर चिरून सापडणाऱ्या नसा नव्हेत. सुरुवातीला तीन पुरे: डावीकडे इडा, उजवीकडे पिंगला, मध्ये सुषुम्ना.

सकाळी अजिंक्यतारा किल्ला चढून आल्या आल्या बसू नका, श्वास निवू द्या. पोट रिकामं हवं. तर्जनी-मध्यमा मुडपा, अंगठ्याने उजवी नाकपुडी दाबा, डावीने चार अंक श्वास घ्या. अनामिकेने डावी बंद करून उजवीने सहा अंक सोडा. मग उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन, अशी पाच-सात. सोडताना श्वास धक्क्याने सुटला तर अंक जास्त झाले, सहाचे पाच करा.

बिघडतं ते कुंभकात, म्हणजे श्वास रोखून धरण्यात. १:४:२ हे घेणं, रोखणं, सोडणं यांचं प्रमाण कुठेतरी वाचून लोक पहिल्याच आठवड्यात श्वास कोंडतात, मग डोकं जड, छातीत धडधड. पहिले दोन-तीन महिने कुंभक नकोच. रक्तदाब असेल तर मुळीच नको.

एक नाकपुडी चोंदलेली वाटली तर घाबरू नका, दर काही तासांनी त्यांची पाळी बदलतेच. आणि पायात मुंग्या आल्या म्हणजे कुंडलिनी (शरीरात सुप्त मानलेली शक्ती) जागी झाली असं नाही! पाय अवघडलाय, बुडाखाली चादरीची घडी घ्या.