रोजची लेन्स विकत, लांबची भाड्याने

फोंड्याच्या एक शिक्षिका लिहितात: "पगार हातात ५२ हजार येतो, घरखर्च ३८ हजार. बँकेत २ लाख ४० हजारांची ठेव आहे. माझ्याकडे एपीएस-सी (आकाराने लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे, पण जड वाटतो म्हणून रोज नेत नाही. शिगमो (आमचा होळीचा उत्सव), माशेलचा चिखलकाला आणि चोडण बेटावरचे पक्षी टिपण्यासाठी १ लाख ६० हजारांची ७०-२०० एफ २.८ ही लांबचं टिपणारी लेन्स घ्यायची आहे. तीच पणजीत दिवसाला १,५०० रुपये भाड्याने मिळते. ठेव मोडू की नो कॉस्ट ईएमआय घेऊ?"

ताई, दोन्ही नको. तुमची ठेव म्हणजे जेमतेम सहा महिन्यांचा घरखर्च. ती मोडलीत तर ८० हजार उरतात, म्हणजे दोन महिने. १२ हप्त्यांत घेतलीत तर हप्ता १३,३३३ आणि तुमची शिल्लक १४ हजार. घरात कोणी आजारी पडलं की क्रेडिट कार्ड पुढे येणार. शिवाय 'नो कॉस्ट'मध्ये व्याज सवलतीच्या नावाखाली वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. व्याज १५ टक्के धरलं तर साधारण २,२०० रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळं.

पैशांपेक्षा मला वजनाची काळजी जास्त वाटते. आताचाच कॅमेरा तुम्हाला जड होतो आणि डीएसएलआरची ७०-२०० एकटीच दीड किलोच्या आसपास भरते. वर्षातले सात-आठ दिवस सोडले तर ती कपाटात राहील, आणि गोव्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते. आतल्या काचेवर एकदा जाळं पसरलं की विकायला गेल्यावर भाव पडलाच. चोडणच्या खारफुटीतल्या पक्ष्यांना तर २०० मिलिमीटर बऱ्याचदा अपुरीच पडते.

म्हणून ३५ मिलिमीटर एफ १.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). वजन २०० ग्रॅमच्या आसपास, किंमत साधारण वीस हजारांच्या आत. दोन महिन्यांच्या शिलकीत बसते. शाळेच्या पिशवीत डब्याशेजारी मावेल. शिगम्याच्या मिरवणुकीत रात्री रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारा जमाव) समोरून येत असतो, तेव्हा तुमची १८-५५ त्याच ३५ मिलिमीटरवर एफ ४.५ च्या आसपास अडते. ही तिच्या सहापट प्रकाश आत घेते. माशेलला चिखल उडत असताना लेन्स बदलायची सोयच नसते, तिथेही हीच एक पुरे. सोबत हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा.

लांबची लेन्स भाड्याने आणा. वर्षाला आठ दिवस धरले तरी १२ हजार. खरेदीची किंमत गाठायला तेरा वर्षं लागतील. पक्ष्यांसाठी त्याहून लांबची मागता येईल, हा फायदा वेगळाच. घेताना दोन्ही बाजूंच्या काचेचे आणि माउंटचे (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याचे) फोटो दुकानदारासमोरच काढा, अनामतीची पावती लिहून घ्या.

लग्न-मुंजीची पैसे देणारी कामं नियमित येऊ लागली तर गणित बदलेल. तेव्हा लेन्स धंद्याचं साधन ठरते आणि तिच्यावर घसाराही (वापराने घटणाऱ्या किमतीची करातली वजावट) मिळतो. पहिली चार-पाच बिलं हातात आली की मला पुन्हा लिहा.