इंग्रजी ‘कॉटन’चा अर्थ आणि अरबी प्रतिशब्द काय?

‘कॉटन’ म्हणजे कापूस आणि त्याला अरबीत ‘क़ुत्न’ म्हणतात; किंबहुना इंग्रजी शब्द या अरबी शब्दावरूनच, जुन्या फ्रेंचमधील ‘कोतों’मार्गे, आलेला असल्याचे व्युत्पत्तिकोश सांगतात. स्पॅनिशमधील ‘अल्गोदोन’मध्ये तर अरबीचे ‘अल्’ हे उपपदसुद्धा शाबूत राहिले आहे. आपला ‘कापूस’ मात्र संस्कृत ‘कर्पास’चा वंशज आहे.

भाषांतर करताना एक गोष्ट अवश्य पाहावी. इंग्रजीत झाड, तंतू, सूत आणि कापड या सर्वांना ‘कॉटन’ हा एकच शब्द चालतो; विदर्भात मात्र शेतात उभी असते ती पऱ्हाटी, बोंडातून वेचला जातो तो कापूस, आणि जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर उरते ती रुई. हा भेद आपल्याकडे इतका रुळलेला आहे की कापसाचा भाव रुईला लावण्याची चूक कोणताही शेतकरी करणार नाही. इजिप्तच्या कापूस व्यापारातही असाच भेद आहे, आणि तो मला फार सुंदर वाटतो: सरकीसह असलेला तो ‘क़ुत्न ज़हर’, म्हणजे शब्दशः फूल, आणि सरकी काढलेली रुई ती ‘क़ुत्न शअर’, म्हणजे केस. सुती कापडासाठी ‘क़ुमाश क़ुत्नी’ असे लिहावे. उच्चारातील ‘क़’ घशाच्या मागच्या भागातून काढावा लागतो. कैरोच्या बोलीत मात्र तो गळून ‘उत्न’ असेच ऐकू येते.