अघोषित, बेहिशेबी की छुपा? निवडणूक खर्चाला कोणता शब्द लावायचा

सदाशिव पेठेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "विधानसभा निवडणुकीतल्या पैशांवर लेख लिहिताना मी 'उमेदवारांचा अघोषित खर्च दाखवलेल्याच्या कितीतरी पट असतो' असं लिहिलं. संपादकांनी ते 'बेहिशेबी खर्च' केलं आणि मथळ्यात 'छुपा खर्च' टाकलं. तिन्ही एकच आहेत का? आणि हिशेब बरोबर की हिशोब?"

तिन्ही एकच नाहीत, आणि नेमक्या या खर्चाला तिन्हींपैकी एकही नीट बसत नाही. निवडणूक कचेरीत आणि उमेदवारांच्या हिशेबनिसांमध्ये यासाठी अगदी साधा शब्द चालतो: न दाखवलेला खर्च. आपल्याकडे खर्च करणं वेगळं आणि खर्च दाखवणं वेगळं. 'खर्ची टाकणे', 'नावे टाकणे' हे जमाखर्चातले जुने प्रयोग आहेत आणि निवडणुकीतली सगळी भानगड याच दोन क्रियापदांत आहे: पैसा कुणी खर्च केला आणि तो कुणाच्या नावे पडला.

आधी 'छुपा' बाजूला करू. मराठीत छुपा खर्च म्हणजे गिऱ्हाइकाला आधी न सांगितलेला आणि नंतर अंगावर येणारा खर्च, जसा फ्लॅट घेताना पार्किंगचा किंवा कर्ज घेताना प्रक्रिया शुल्काचा. निवडणुकीत तर खर्च लपलेला नसतोच. लक्ष्मी रस्त्यावर टांगलेला फ्लेक्स सगळं पुणं बघतं. लपलेलं असतं ते त्याचं बिल. मथळा आटोपशीर झाला, अर्थ मात्र हुकला.

'अघोषित' हा शब्द घोषणेशी जोडलेला आहे. जिथे कायद्याने घोषित करायचं असतं आणि केलं जात नाही, तिथे तो बसतो. अर्जासोबतच्या शपथपत्रात न लिहिलेली मालमत्ता म्हणजे अघोषित मालमत्ता. पक्षाला 20,000 रुपयांहून मोठी देणगी मिळाली की देणाऱ्याचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागतं; ते नसेल तर अघोषित देणगी. निवडणूक रोख्यांत देणगीदाराचं नाव मतदाराला कळत नव्हतं, पण तशी सोय कायद्यानेच केलेली होती, म्हणून तिथे 'निनावी' जास्त नेमकं. ती योजना सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी रद्द केली. थोडक्यात, पैसा आला कुठून हे सांगताना 'अघोषित' किंवा 'निनावी' लिहावं. तो गेला कुठे हे सांगताना हे शब्द तोकडे पडतात.

'बेहिशेबी' पैशाला लावावा, खर्चाला नाही. या शब्दाला मराठीत आधीपासून दोन अर्थ चिकटलेले आहेत. एक, हात सैल सोडून केलेला, उधळमाधळीचा. 'लग्नात बेहिशेबी खर्च केला' यात लपवाछपवी नसते. दुसरा, ज्याचा उगम सांगता येत नाही असा: बेहिशेबी रोकड, बेहिशेबी मालमत्ता, बोलीभाषेत दोन नंबरचा पैसा. नाक्यावर गाडी अडवून स्थिर सर्वेक्षण पथकाने रोकड पकडली तर ती बेहिशेबी. उमेदवाराच्या किंवा कार्यकर्त्याच्या गाडीत 50,000 रुपयांहून जास्त रोकड सापडली की ती जप्त होऊ शकते, आणि 10 लाखांच्या वर असेल तर प्राप्तिकर खात्याला कळवतात.

आता न दाखवलेल्या खर्चाकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा जानेवारी 2022 पासून 40 लाख रुपये आहे. त्याआधी 2014 मध्ये ती 28 लाख ठरली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचाच ठेवायचा असतो. त्यामुळे गणेशोत्सवात लागलेले 'भावी आमदार' फ्लेक्स, देवदर्शनाच्या बसगाड्या, हळदीकुंकवातली पातेली हे सहसा 'न दाखवलेला खर्च' ठरतच नाहीत. मुदतीच्या आधीचा खर्च आहे तो, कायद्याच्या हिशेबात नसलेला. त्याला बेहिशेबी म्हटलं तर उमेदवार उलट विचारेल, हिशेब मागितला कुणी? मात्र आधी छापून ठेवलेले झेंडे आणि उपरणी अर्ज भरल्यावर प्रचारात वापरली, तर ती मोजली जातात.

हिशेबाची वही तीन भागांची असते: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, आणि एका माणसाला किंवा दुकानाला सगळ्या निवडणुकीत मिळून 10,000 रुपयांहून जास्त रोख द्यायचे नाहीत. प्रचाराच्या काळात ही वही किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. तिकडे प्रशासन आपली वेगळी वही लिहीत असतं. ती छाया निरीक्षण नोंदवही. (हा सरकारी शब्द मला आवडतो. उमेदवाराच्या वहीच्या मागे सावलीसारखी चालणारी वही.)

समजा, कर्वेनगरात कोपरा सभा झाली. उमेदवाराने वहीत 200 खुर्च्या लिहिल्या. व्हिडिओ पथकाच्या चित्रणात 600 मोजल्या गेल्या. जिल्ह्याच्या दरसूचीत खुर्चीचं भाडं समजा 10 रुपये आहे, तर 4,000 रुपयांचा फरक छाया नोंदवहीत चढतो. दरसूचीत मांडव, ध्वनिक्षेपक, रिक्षा, चहा, वडापाव अशा सगळ्याचे दर असतात. उमेदवाराला नोटीस जाते आणि 48 तासांत उत्तर द्यावं लागतं. गप्प बसला तर फरक मान्य धरतात. हा 'न दाखवलेला' नव्हे, 'कमी दाखवलेला' खर्च, आणि लेख लिहिताना या दोघांत गल्लत करू नये. न दाखवलेल्यात नोंदच नसते. कमी दाखवलेल्यात नोंद असते, आकडा खोटा असतो. प्रत्यक्षात दुसराच प्रकार जास्त चालतो, कारण सभा झालीच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. भाव पाडता येतात, खुर्च्या कमी करता येतात, मांडव 'मित्राने फुकट दिला' असं सांगता येतं. फुकट दिलेल्या मांडवाचीही किंमत बाजारभावाने धरायची असते, हे पुष्कळ हिशेबनीस विसरतात.

तिसरा प्रकार सगळ्यात निसरडा: दुसऱ्याने केलेला खर्च. त्याला मराठीत सुंदर शब्द आहे, परस्पर. 'हितचिंतकांनी परस्पर पत्रकं छापली.' उमेदवाराची संमती असेल तर हा खर्च त्याच्या नावे पडतो. लेखी परवानगीशिवाय केला असेल तर करणाऱ्यावर गुन्हा. जुन्या दंडविधानात त्याला 500 रुपये दंड होता, भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 मध्ये तो 10,000 रुपयांपर्यंत आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. पक्षाने विधानसभेनंतर 75 दिवसांत आयोगाला हिशेब द्यायचा एवढंच. पक्षाने यादीत दिलेल्या स्टार प्रचारकाचा प्रवास उमेदवाराच्या नावे पडत नाही, पण उमेदवार त्याच्याबरोबर व्यासपीठावर बसला की सभेचा वाटा पडतो. हेलिकॉप्टर पक्षाचं, मांडव उमेदवाराचा. म्हणून सभा चालू असताना उमेदवार खाली पहिल्या रांगेत बसलेला दिसला, तर तो नम्रपणाच असेल असं नाही.

पत्रकांपुरतं 'निनावी' पुन्हा उपयोगी पडतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते हवेत. नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पेठेतला छापखानावाला यासाठीच आधी प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र मागतो, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या घेतो आणि मगच मशीन चालू करतो.

पैसे वाटणं या कुठल्याच खान्यात बसत नाही. 'लक्ष्मीदर्शन', 'पाकीट' असल्या शब्दांनी ते हलकं होतं, पण कायद्यात ती लाच आहे. तिला 'न दाखवलेला खर्च' म्हणणं म्हणजे दाखवला असता तर चाललं असतं, असं सुचवणं.

तुमच्या वाक्यात 'खरा खर्च आणि दाखवलेला खर्च यांत मोठी तफावत असते' असं लिहा. 'कितीतरी पट' ठेवायचं असेल तर पटीचा आधार द्यावा लागेल. 'मर्यादा ओलांडली' हे मात्र सैलपणे लिहू नका. मर्यादेबाहेर खर्च करणं हे कलम 123(6) खालचं भ्रष्ट आचरण आहे आणि त्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. हिशेब वेळेत, म्हणजे निकालापासून 30 दिवसांत, किंवा ठरलेल्या पद्धतीने दिला नाही तर कलम 10अ लागतं आणि तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. हिशेब वेळेत दिला पण खरा दिला का, हेही आयोग तपासू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये अशोक चव्हाण यांच्या भोकर मतदारसंघातल्या 2009 च्या निवडणुकीच्या प्रकरणात सांगितलं. त्याच प्रकरणात आयोगाने पुढे काढलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली, म्हणून ते उदाहरण देताना दोन्ही निर्णय द्या.

हिशेब-हिशोबाचं उत्तर छोटं आहे. मूळ अरबी 'हिसाब'. मराठीत दोन्ही रूपं रुळलेली आहेत, लिखाणात 'हिशेब' जास्त. एका लेखात एकच ठेवा. सरकारी कागद उद्धृत करताना मात्र 'लेखा' आणि 'ताळमेळ' हेच शब्द तसेच राहू द्या. निकालानंतर 26व्या दिवशी दोन वह्या समोरासमोर ठेवून जी बैठक होते, तिला कुणी 'हिशोब जुळवणी' म्हणत नाही.