आरोग्य विभाग आणि मैदाने-उद्याने चालवणारा विभाग एकत्र आल्याने लोकांचे आरोग्य खरोखर सुधारते का?

आपण विचारले आहे की, दवाखाने चालवणारी यंत्रणा आणि मैदाने, उद्याने, जलतरण तलाव व व्यायामशाळा सांभाळणारी यंत्रणा यांनी हातमिळवणी केल्यास काही फरक पडतो का, आणि पडत असेल तर सुरुवात कोठून करावी. सार्वजनिक आरोग्याच्या कामात मी अशा भागीदाऱ्या जवळून पाहिल्या आहेत. फरक पडतो, असे मी खात्रीने सांगेन. परंतु दवाखान्यातून मैदानापर्यंत माणसाला नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी कोणी घेतली असेल तरच.

हालचालीचे महत्त्व नव्याने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे ब्रिटिश डॉक्टर-संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवून दिले होते. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही २०२२ साली जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास १८० कोटी माणसे, तेवढी हालचाल करत नव्हती. या माणसांची गाठ डॉक्टरांशी पडते, पण डॉक्टरांकडे मैदान नसते. आणि ज्यांच्याकडे मैदान आहे त्यांच्याकडे बहुतेक आधीच धडधाकट असलेली मंडळी येतात.

मधुमेह आणि गुडघेदुखी असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या बाईंचा विचार करा. "रोज चालत जा," असे डॉक्टर सांगतात आणि पुढचा रुग्ण आत येतो. किती चालायचे, गुडघा दुखू लागला तर थांबायचे की नाही, इन्सुलिन घेत असताना वाटेत रक्तातील साखर उतरून हातपाय थरथरले, घाम फुटला तर काय करायचे, हे विचारायचे राहूनच जाते. याउलट, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, दवाखाना आणि मैदान यांना जोडणाऱ्या समन्वयकाचा चार दिवसांत फोन आला, सोयीची वेळ ठरली आणि पहिल्या दिवशी तोच समन्वयक फाटकाशी भेटला, तर त्या बाई आत पाऊल टाकतात. तेथील प्रशिक्षकाला त्या इन्सुलिन घेतात हे ठाऊक असते, त्याच्याजवळ साखर ठेवलेली असते आणि तो पहिल्या दिवशी दहाच मिनिटे चालवतो. त्यांची सगळी फाईल त्याने पाहण्याचे कारण नाही. त्यांच्या संमतीने खबरदारीच्या दोन-तीन गोष्टी कळल्या तरी पुरे.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ या नावाने साधारण हीच पद्धत चालते. डॉक्टर किंवा परिचारिका व्यायामाचा लेखी सल्ला देतात आणि पुढचा पाठपुरावा प्रादेशिक क्रीडा संस्थांचे कार्यकर्ते करतात. ४० ते ७९ वयोगटातील कमी हालचाल करणाऱ्या लोकांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा सल्ल्यानंतर वर्षभराने त्यांची हालचाल वाढलेली आढळली.

अडचण येते ती पैशापाशी. मैदानाच्या देखभालीचा आणि प्रशिक्षकाच्या पगाराचा खर्च आज एका विभागाच्या खात्यावर पडतो, तर त्यामुळे टळलेल्या औषधोपचारांची बचत काही वर्षांनी दुसऱ्याच विभागाच्या खात्यात दिसते. हा हिशेब उघडपणे मांडला नाही, तर मैदानवाल्यांना रुग्ण म्हणजे वाढीव काम वाटू लागते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून समन्वयकाचा पगार आणि रुग्णांना दिलेल्या शुल्कमाफीची भरपाई आरोग्य विभागाने पहिल्या दिवसापासून उचलावी, असे माझे ठाम मत आहे. वेळेच्या वाटपाचेही तसेच आहे. रिकामे पडलेले दुपारचे सभागृह रुग्णांना देणे सोपे असते. पण नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळच हवी असते आणि ती वेळ आधीच शुल्क भरणाऱ्या क्लबांकडे गेलेली असते. त्यातला एखादा तास रुग्णांसाठी सुटतो का, यावरून मला भागीदारीचा खरेपणा कळतो.

चिठ्ठीशिवाय सर्वांना खुले असलेले उपक्रमही तितकेच मोलाचे आहेत. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७४ पासून ‘सिक्लोव्हिया’ चालू असून, रविवारी आणि सुटीच्या दिवशी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोकळे केले जातात. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेल्या ‘पार्करन’मध्ये पाच किलोमीटर धावता येते तसेच चालताही येते, ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ पासून दवाखान्यांना या उपक्रमाशी जोडून दिले आहे.

सुरुवात करायचीच असेल, तर एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेला एक दवाखाना आणि एक मैदान निवडा. तेथील डॉक्टर, प्रशिक्षक आणि चार-पाच रुग्ण यांना एका टेबलाशी बसवा. मोजायच्या गोष्टी दोनच ठेवा: चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जण पहिल्या दिवशी आले, आणि तीन महिन्यांनंतर किती जण येत आहेत. दुसऱ्या आठवड्यात न आलेल्या माणसाला फोन कोणी करायचा, त्याचे नाव त्याच बैठकीत लिहून घ्या.