कोपऱ्यातल्या खेळाडूचे हात

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. व्यावसायिक बास्केटबॉल संघात सहायक प्रशिक्षक म्हणून रुजू होताच तुझ्यापुढे उभा राहिलेला पेच तू नेमका मांडला आहेस. संघातला सर्वांत मोठा खेळाडू सामने जिंकून देतो, पण त्याच्याभोवती बाकीचे मुके होत चालले आहेत. त्याला आवर घालावा की इतरांना जुळवून घ्यायला सांगावे, असे तू विचारतोस. माझ्या मते या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. ताळमेळ म्हणजे मैत्री नव्हे आणि सर्वांना एकाच मापाने मोजणेही नव्हे. ज्याच्याकडे सोडण्यासारखे सर्वांत जास्त आहे त्याने आधी काहीतरी सोडले आणि ते आपण डोळ्यांनी पाहिले, अशी खात्री बाकीच्या खेळाडूंना वाटू लागते, तेव्हा ताळमेळ जमू लागतो.

मूळ अडचण साध्या हिशेबाची आहे. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सामना 48 मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे संघाकडे वाटायला अवघी 240 मिनिटे असतात. प्रत्येक चढाईला 24 सेकंद मिळतात आणि चेंडू एकच असतो. 2004 साली लॉस एंजेलिस लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चौघे होते, तरीही अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना 4-1 असे हरवले. त्या मालिकेत मलोनचा गुडघा दुखावलेला होता, त्यामुळे सगळा दोष ताळमेळाच्या अभावावर टाकणे मला योग्य वाटत नाही. पण नावांची बेरीज केली म्हणजे संघ तयार होत नाही, हे तेव्हा स्पष्ट दिसले.

त्याहून अधिक शिकवणारे उदाहरण मायामी हीटचे आहे. 2010 मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश तिथे ड्वेन वेडला येऊन मिळाले. पहिल्या 17 सामन्यांत त्यांनी फक्त 9 जिंकले आणि 2011 ची अंतिम मालिका डॅलसविरुद्ध गमावली. टोरांटोमध्ये सामन्यामागे 24 गुण करणारा बॉश पहिल्याच हंगामात 19 च्याही खाली आला आणि पुढे सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी खेळत आपल्याहून धिप्पाड खेळाडूंशी झुंजू लागला. आता 2013 च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना आठव. शेवटचे काही सेकंद उरले आहेत, हीट तीन गुणांनी मागे आहे आणि लेब्रॉनचा शॉट हुकला आहे. रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून परत उसळलेला चेंडू, बॉशच्या हाती येतो. त्याच क्षणी त्याचा सहकारी रे ॲलन न पाहता मागे सरकत उजव्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेच्या बाहेर, हात छातीशी तयार ठेवून उभा राहतो. बॉश स्वतः शॉट घेत नाही, चेंडू कोपऱ्यात देतो आणि बरोबरी होते. अतिरिक्त वेळेत हीटने तो सामना जिंकला. सातव्या सामन्यात बॉशचा एकही गुण नव्हता आणि हीट विजेते झाले.

त्या तयार हातांकडे लक्ष दे. संघाचा तारा, म्हणजे सर्वांत मोठा खेळाडू, पंधरा सेकंद एकटाच ड्रिबल करत (चेंडू आपटत) राहिला आणि असे रोज घडू लागले, की कोपऱ्यातल्या खेळाडूचे हात आपोआप मांड्यांशी येतात, गुडघे ताठ होतात, आणि अखेरीस चेंडू आलाच तर शॉट अर्ध्या सेकंदाने उशिरा सुटतो. पुढच्याच क्षणी बचावासाठी मागे धावतानाही तो तेवढाच उशिरा निघतो. बिघाड गुणफलकावर दिसण्याच्या कितीतरी आधी या हातांत दिसतो.

यावर उपाय म्हणून ताऱ्याची धार बोथट करू नकोस. मायकल जॉर्डनने 1986-87 च्या हंगामात सामन्यामागे 37.1 गुण केले, तरी शिकागो बुल्स पहिल्याच फेरीत एकही सामना न जिंकता बाद झाले. 1989 मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आपले सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची त्रिकोणी आक्रमणपद्धत रुजवली. 1991 मध्ये बुल्स प्रथमच विजेते झाले त्या हंगामातही जॉर्डन 31.5 गुणांसह लीगमध्ये अव्वल होता. जॅक्सन आल्यावर त्याचे शॉट्स फारसे कमी झाले नाहीत, पण चेंडू त्याच्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून यायचा ते बदलले, आणि वाटेतल्या प्रत्येकाला आपण खेळत आहोत असे वाटू लागले.

मान राखून जागा बदलता येते, हेही लक्षात ठेव. आंद्रे इग्वोडाला 2014 पर्यंत कारकिर्दीतला प्रत्येक सामना सुरुवातीच्या पाचांतून खेळला होता. गोल्डन स्टेट वॉरियर्सचे नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला बेंचवर बसवले. त्याने ते स्वीकारले, आणि 2015 च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यापासून त्याला सुरुवातीला उतरवल्यावर तोच मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढा मोठा खेळाडू तक्रार न करता बसतो आहे, हे पाहिल्यावर इतर राखीव खेळाडूंच्या तक्रारींना जोर उरत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगायलाच हवी. एका पराभवानंतर व्हिडिओ दाखवताना संघातल्या बाराव्या, म्हणजे सर्वांत मागच्या क्रमांकाच्या खेळाडूने स्क्रीनमागे (वाट अडवून उभ्या प्रतिस्पर्ध्यामागे) अडकून मोकळा सोडलेला माणूस मी तीनदा मागे-पुढे करून दाखवला. तीच चूक आमच्या ताऱ्याने त्याच सामन्यात दोनदा केली होती, आणि ते भाग मी न दाखवता पुढे सरकवले. खोलीत कोणीही काही बोलले नाही. मात्र त्या दिवसानंतर माझ्या सूचना ऐकताना खेळाडू माझ्याऐवजी एकमेकांकडे पाहू लागले. तो हंगाम मला पुन्हा सावरता आला नाही. सॅन अँटोनियो स्पर्समध्ये प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच संघाचा तारा टिम डंकनला सर्वांसमोर खडसावत आणि डंकन ते ऐकून घेई. त्याच डंकनने 2012 मध्ये निम्म्याहून कमी वेतनावर नवा करार केला, जेणेकरून संघाला इतर खेळाडू राखता यावेत. अशा माणसाच्या शेजारी बसून आपल्या मिनिटांबद्दल कुरकुर करणे कोणालाही जड जाते.

म्हणून पुढच्या व्हिडिओ बैठकीत पहिली चूक तुमच्या ताऱ्याची दाखव. मुख्य प्रशिक्षकांशी बोलून घे, आणि आदल्या संध्याकाळी त्याला एकट्याला गाठून, कोणता भाग दाखवणार आहेस आणि का, ते स्पष्ट सांग. तो चिडला तर चिडू दे, पण बेसावध पकडू नकोस. मग सराव सुरू झाला की चेंडूकडे न पाहता कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहा, आणि त्याचे हात कुठे आहेत ते मला कळव.

तुझा,
एक जुना प्रशिक्षक