धुळ्यात खोली घेतोयस तर जुन्या गावातच बघ

नदीपलीकडच्या देवपुरात खोली ऐसपैस मिळेल, पण तुझा जीव जुन्या कागदपत्रांत. मग भाऊ, पांझरा नदीच्या अलीकडे, जुन्या शहराच्या पेठेतच राहा. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या इथल्या गल्ल्या सरळ, त्यांना नंबर. नवखा माणूसही चुकत नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या नावाने 1927 साली स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ आणि रामदासी हस्तलिखितांचं समर्थ वाग्देवता मंदिर, दोन्हीकडे पायीच जात जा. असा ठेवा दाराशी असणं हे मोठं भाग्य आहे रे!

खोली मात्र भर दुपारी बघ. वर पत्रे असतील तर भाडं कितीही कमी असो, घेऊ नको. मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते घरमालकाला नाही, शेजारच्या काकूंना विचार.