मल्टिपल मायलोमा उलटून हाडं दुखू लागल्यावर पुन्हा रेमिशन मिळतं का?

हो, मिळतं, म्हणजे आजार पुन्हा औषधाने शांत होतो. मी स्वतः मायलोमाची, म्हणजे बोन मॅरोतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरची रुग्ण आहे आणि सध्या दुसऱ्या रेमिशनमध्ये आहे.

तुम्ही लिहिलंय की स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर वडिलांचा आजार शांत होता, लेनालिडोमाइडची गोळी चालू होती, आणि आता बरगडी व कंबर दुखू लागल्यावर घरच्यांनी सगळं संपलं असं धरलंय. तसं अजिबात धरू नका. मायलोमा बहुतेकांचा कधी ना कधी उलटतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. उलटल्यावर तो पुन्हा आटोक्यात येतो, हे मात्र कुणी तितक्या ठासून सांगत नाही.

आधी दुखणं कशाचं आहे ते ठरू द्या. सगळीच दुखणी आजार उलटल्याची नसतात. पूर्वी दबलेला मणका वर्षानुवर्षं ठणकतो, लेनालिडोमाइडने पायात गोळे येतात. पण नव्या जागी, कूस बदलताना किंवा खोकताना कळ येत असेल तर याच आठवड्यात तपासण्या करा. रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात ते एम-प्रोटीन आणि त्याचे तुकडे मोजणाऱ्या तपासण्या). हाडांसाठी पेट-सीटी किंवा एमआरआय. साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका, कारण हाड बरंच झिजल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. इतर कॅन्सरमध्ये करतात तो बोन स्कॅनही इथे फसवतो. तो नवं हाड तयार होतंय ती जागा दाखवतो, आणि मायलोमा हाड खाणाऱ्या पेशींना चेतवून बांधणाऱ्यांना दाबून टाकतो. हाडात भोक असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो.

पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. मज्जारज्जू दाबला गेला असेल तर तासांचा हिशेब असतो. खूप तहान, बद्धकोष्ठता, झापड आणि असंबद्ध बोलणं एकदम सुरू झालं तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. तेही थांबण्यासारखं नाही.

आणि कृपा करून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणून देऊ नका. मायलोमाचं प्रोटीन मूत्रपिंडावर आधीच ताण देत असतं, त्यात या गोळ्या घात करतात. पॅरासिटामॉल पुरत नसेल तर ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फीन डॉक्टर देतील. मॉर्फीनचं नाव ऐकून घाबरू नका. दुखणं सोसत राहण्यात काहीच पुण्य नाही.

माझाही आजार लेनालिडोमाइड चालू असतानाच उलटला. म्हणजे त्या औषधाला तो दाद देत नव्हता. त्यामुळे मला डॅराट्युम्युमॅब, पोमॅलिडोमाइड आणि डेक्सामेथासोन ही तीन औषधं एकत्र दिली. दुखऱ्या मणक्याला रेडिएशनही मिळालं. त्याचा आराम तिथल्या तिथे नाही, हळूहळू दोन-तीन आठवड्यांत जाणवला. वडिलांना कार्फिलझोमिब हे औषध सुचवतील, किंवा पहिलं रेमिशन बरंच टिकलं असेल आणि स्टेम सेल्स साठवलेल्या असतील तर दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा विषय निघेल. ते वय, हृदय, किडनी बघून डॉक्टरच ठरवतील. डॅराट्युम्युमॅब सुरू होण्याआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्या आणि पुढे रक्त चढवायची वेळ आली तर ब्लड बँकेला हे औषध चालू आहे असं सांगा, कारण त्याने क्रॉसमॅचिंगमध्ये (दात्याचं रक्त जुळतं का या तपासणीत) घोळ होतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दुखणं आणि आजार एका वेगाने कमी होत नाहीत. माझ्या लाइट चेन झपाट्याने उतरल्या, पण पाठ मात्र थोडीफार दुखतच राहिली. ते दिवस मनाला फार जड गेले, कारण प्रत्येक कळ म्हणजे औषध लागू पडत नाही असंच वाटायचं. खरं म्हणजे आग विझल्यावरही जळालेले वासे तसेच उरतात, तसं हे आहे. कॅन्सरच्या पेशी मेल्या तरी त्यांनी पाडलेली भोकं लगेच भरत नाहीत. काही स्कॅनमध्ये कायमची दिसत राहतात. रेमिशन ठरतं ते एम-प्रोटीन, लाइट चेन, बोन मॅरो आणि पेट-सीटीवर. कंबर काय म्हणते त्यावर नाही. हे वडिलांना आत्ताच समजावून सांगा, नाहीतर औषध लागू पडत असतानाही ते खचतील.

हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन मिळेल. त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे नक्की जा. ते चालू असताना दात काढावा लागला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो.

खर्चाची आणि आशेची दोन्ही बाजू सांगते. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातल्या डॉ. सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांना थॅलिडोमाइड (लेनालिडोमाइडचं मूळ औषध) दिलं, त्याचे निष्कर्ष १९९९ साली आले. बहुतेकांचा आजार ट्रान्सप्लांटनंतर उलटलेला होता, आणि जवळपास एक तृतीयांश लोकांना गुण आला. तेव्हा ती मोठी बातमी होती. आज उलटलेल्या आजारासाठी किती तरी औषधं आहेत, आणि लेनालिडोमाइड, बोर्टेझोमिब, पोमॅलिडोमाइडच्या भारतीय जेनेरिक गोळ्या-इंजेक्शनं मिळतात. डॅराट्युम्युमॅब महागच आहे, त्याचा हिशेब आधी मांडा. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या मुंबईच्या कार-टी उपचाराबद्दल (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडतात तो) नातेवाईक फॉरवर्ड पाठवतील. तो काही लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, मायलोमासाठी नाही.

डॉक्टरांकडे जाताना ट्रान्सप्लांटनंतरचा पेट-सीटी सीडीसकट न्या. जुनी भोकं कोणती आणि नवी कोणती, हे त्याच्याशी ताडल्याशिवाय कळत नाही.